मायच्या बाजेपाशी

कटंगी,
रविवार, ३ डिसेंबर १९६७

सौ. सत्यभामा हिस, चैतरामचा जयभीम.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. तू परत यावंस म्हणून हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दोन वर्षांपासून बाजेवर पडलेल्या सासूला ओल्यात तशीच टाकून जी बाई भर दुपारी तुमसरच्या बसमध्ये बसते, तिला बोलावणं पाठवण्याइतका मी अजून लाचार झालेलो नाही.

माय बरी आहे. शेजारच्या कमलाबाई दोन्ही वेळ येऊन तिचं सगळं करतात. मी लाकूड डेपोतून दुपारच्या सुट्टीत येतो, तिला पेज भरवतो आणि परत जातो. रेंजरसाहेब भले आहेत, अर्धा तास उशीर झाला तरी काही म्हणत नाहीत. घर झाडलेलं-सारवलेलं आहे. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही.

फक्त एक गोष्ट कळव. दुपारी दोनच्या सुमारास माय ओरडायला लागते. त्या वेळी तू तिला काय द्यायचीस? मी पाणी दिलं, पेज दिली, दवाखान्यातल्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. दर वेळी ती मान हलवते, "हे नाई, हे नाई" म्हणते. काय पाहिजे ते सांगत नाही. तेवढं पोस्टकार्डावर लिहून पाठव. जास्त लिहिण्याची गरज नाही.

तुझ्या वडिलांना, डोमाजींना जयभीम सांग. त्यांनी मध्ये पडू नये.

चैतराम


कटंगी,
मंगळवार, १२ डिसेंबर १९६७

सत्यभामा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असंही वाटतं, पण डाकखान्यातले नथ्थूजी म्हणतात, तुमसरची डाक दुसऱ्या दिवशी पोचते.

मागच्या पत्रात मी खरं लिहिलं नव्हतं. कमलाबाई फक्त चार दिवस आल्या. पाचव्या दिवशी मायची कूस बदलताना त्यांना तिथेच उलटी झाली. बाई भली, स्वतःच पुसून घेतलं, हात जोडून म्हणाल्या, "चैतरामभाऊ, माह्यानं नाई होत. मले माफ करा." तेव्हापासून मीच आहे. डेपोतून बिनपगारी रजा घेतली.

आणखी एक. मी लिहिलं की तू तिला ओल्यात टाकून गेलीस. तसं झालं नाही. मी घरी आलो तेव्हा तू मागच्या पायरीवर कानात बोटं घालून बसली होतीस, आणि माय आत ओल्यात होती. आळीतल्या लोकांदेखत मी तुला बोललो. त्यानंतर तू आत गेलीस, मायला कोरडं केलंस, लुगडं बदललंस, आणि मग पिशवी घेऊन निघालीस. ते मधलं मी पत्रात गाळलं.

काल पहिल्यांदा मी मायला पूर्ण पुसून काढलं. तिनं आधी पदर तोंडावर ओढून घेतला. मग म्हणाली, "डोळे मिट." मी म्हटलं, "डोळे मिटून कसं पुसू माय?" ती पदर दातांत धरून पडून राहिली. मी तिच्या पोटचा, आणि त्या पोटाच्या खाली काय झालं आहे ते दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. कंबरेच्या हाडावर माझी मूठ मावेल एवढी जखम आहे. आत पांढरं दिसतं. ते हाड आहे हे मला समजायला वेळ लागला.

नागपूरच्या डॉक्टरांनी रेडियम देऊन झाल्यावर सांगितलं होतं, गर्भपिशवीतला कॅन्सर आता पाठीच्या हाडात उतरला, आमच्याकडे काही उरलं नाही, घरी न्या. मला वाटलं होतं, घरी न्यायचं म्हणजे बाजेवर आणून ठेवायचं. मी तिला आणून ठेवलं आणि डेपोत गेलो. पुढचं तुझ्याकडे आलं.

संध्याकाळी मी घरी यायचो तेव्हा घरात उदबत्ती लावलेली असायची. दोन वर्षं रोज. मला वाटायचं, तुला उदबत्तीचा शौक आहे.

उत्तर दे. माझ्यासाठी देऊ नकोस. मायसाठी दे.

चैतराम


तुमसर,
ता. १७ डिसेंबर १९६७

सप्रेम जयभीम.

तुमचे दोन्ही पत्रं भेटले. पहिलं वाचून मी चुलीत टाकणार होती. बाबांनी घेऊन ठेवलं.

मायची कूस एका झटक्यात बदलू नका, सांगतो तसं करा. आधी तिचा उजवा हात तिच्या छातीवर ठेवा, मग उजवा पाय गुडघ्यात मोडा, मग खांदा आन् कंबर एकाच वख्ती आपल्याकडं घ्या. खांदा आधी आन् कंबर मागून आली तं तिचा जीव जाते. "माय, आता घेतो" असं सांगून घ्या. न सांगता हात लावला तं ती दचकते, आन् दचकलं का दिवसभर दुखते.

लिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं जखम धुवा. पाणी कोमट पायजे, हातावर नाही, गालावर घेऊन पाहा. वाकळेवर केळीचं पान अंथरा, कवळं, उलट्या बाजूनं. कमलाबाईच्या परसात केळी हाय, ते नाही म्हणत नाहीत. बाजेची सुतळी मधातून मी सैल केलती, ती पुन्हा कसू नका. पेज पातळ द्या. मिरची तिले वासानं पण सहन होत नाही, म्हणून तुमच्यासाठी मी बाहेरच्या चुलीवर करत होती.

दुपारी दोन वाजता मी तिले काईच देत नव्हती. द्याले काई नव्हतंच. मी बाजेवर तिच्या मागं बसत होती, तिची पाठ माह्या छातीले टेकवून. ती ओरडे, तवा मी पण ओरडत होती, हळू आवाजात, तिच्या कानाशी. तिच्या संगं. एकटीनं ओरडाची तिले लाज वाटे. तेच ती मागून राह्यली असंल.

मी कशी आहे ते विचारू नका.

सत्यभामा


कटंगी,
गुरुवार, २८ डिसेंबर १९६७

सत्यभामा,

आता पत्राची भाषा सांभाळत बसत नाही. घरात बोलतो तसंच लिहितो.

तू सांगतलं तसं केलं. खांदा आन् कंबर एका वख्ती. पहिले दोन दिवस चुकलो, माय किंचाळली. तिसऱ्या दिवशी जमलं. तिनं माह्याकडं मान वळवून पाह्यलं आन् म्हणाली, "कोणं शिकवलं रे तुले?" मी म्हटलं, सत्यानं. तिनं डोळे मिटून घेतले.

दोन वाजताचं जमाले वेळ लागला. पुरुष माणूस मायच्या मागं बसून ओरडते, हे कोणी ऐकलं तं काय म्हणल, अशी मले शरम वाटे. दार लावून घेतलं. पहिल्या दिवशी आवाजच निघाला नाही. दुसऱ्या दिवशी तिची पाठ माह्या छातीवर टेकली होती, आन् दुखणं आलं तसं मले तिच्या आंगातून माह्या आंगात आल्यासारखं लागलं. तिच्या पाठीचे मणके एकेक करून ताठ होतात, हे तुले माईत असंल. मंग माह्या तोंडातून आवाज आपोआप निघाला. माय ओरडली, मी ओरडलो. ते ओसरलं तवा ती म्हणाली, "हे."

दवाखान्यातले सुखराम कंपाउंडर आता घरी येऊन सुई देतात. बालाघाटच्या मोठ्या डॉक्टरची चिठ्ठी मी आणली. सुई टोचली का अर्ध्या तासानं मायचं कपाळ मोकळं होते, आन् चार तास ती पहिल्यासारखी माय असते. अशाच एका दुपारी मी तिले विचारलं, "माय, कसं दुखते? मले सांग तं खरं." तिनं माह्या मनगटाले धरलं. मंग म्हणाली, "आधी मी होती, आन् मले दुखत होतं. आता दुखणंच हाय. मी त्याच्यात कुठी तरी कोपऱ्यात पडली. सुई टोचली का तो कोपरा जरासा मोठा होते, तवा तुह्यासंगं बोलतो."

मी म्हटलं, "दिवस तं जाऊन राह्यले ना माय."

"तुह्ये जाऊन राह्यले," ती म्हणाली. "माह्यी एकच दुपार हाय. ती सरतच नाई."

मंग छप्पन सालचं सांगाले लागली. नागपूरले दीक्षेले गेलतो तवा गाडीत पाय ठेवाले जागा नव्हती, आन् ती तुमसरपासून उभी होती, पांढऱ्या लुगड्यात. "एवढे तास उभी होती, तरी पाय दुखले नाई," म्हणाली, आन् हसली. तिचं हसणं मी किती दिवसांनी पाह्यलं. तेवढ्यात सुईचा जोर उतराले लागला. चेहऱ्यावर ते कसं येते ते तुले सांगाले नको. आधी ती बोलता बोलता थांबते. मंग आपल्याकडं पाहते, जसं कोणी लेकराच्या हातातला घास काढून घेतला.

एक गोष्ट मले समजली नाही. तू तुमसरले कायले गेली, हे मी तिले खरं सांगतलं नव्हतं. तुह्या बाबाची तब्येत बरी नाही म्हटलं होतं. काल ती म्हणाली, "सत्याले आणू नको." मी म्हटलं, काहून? तर म्हणे, "आणू नको म्हणतो ना. मी हाओ तोवर आणू नको." तुमच्या दोघींत असं काय झालं? ती तुह्यावर रागावली असंल तं मले सांग. मी तिची समजूत काढतो.

चैतराम


कटंगी,
मंगळवार, १६ जानेवारी १९६८

सत्यभामा,

तुह्यं पत्र आलं नाही. मी काय विचारलं होतं ते आता मले समजलं. तू उत्तर नाही दिलं, बरंच केलं.

सुई आता लागत नाही. चार तासांचे दोन झाले, दोनाचा एक. सुखरामजी म्हणाले, "भैया, इससे ज्यादा देने की मुझे इजाजत नहीं." त्यांची चूक नाही. मी पाय धरले तवा त्यांच्या डोळ्यांत पण पाणी होतं. आता तं ते आमच्या आळीतून येत नाहीत, मागून जातात.

शुक्रवारी दुपारी सुईचा अर्धा-पाऊण तास चालू होता, तवा मायनं मले जवळ बोलावलं. म्हणाली, "चैत्या, एक मागतो. नाई म्हणू नको."

मी म्हटलं, "बोल."

"सुखरामनं घरी ठेवल्या त्या सुईच्या औषधाच्या शिशा किती हायेत तुह्यापाशी?"

"दोन."

"दोन्ही दे. एकदाच."

मले पहिले समजलंच नाही. समजलं तवा मी म्हटलं, "माय, असं बोलू नको." तिले राग नाही आला. ती मले समजावून सांगाले लागली, जसं लहानपणी सांगे. म्हणाली, "तुले मी कधी सांगणार नव्हती. तू माह्यं लेकरू. लेकराले असं कोण सांगते? म्हणून मी सत्याले सांगे."

मी विचारलं, "कधीपासून?"

"यंदाच्या नाई, त्याच्या आधीच्या दिवाळीपासून. रोज. तू डेपोत गेला का. धोत्र्याच्या बिया आण म्हणे मी तिले. घरात उंदीर झाले तवा तू औषध आणलं होतं, ते दे म्हणे. नाई म्हणाली का शिव्या देत होती तिले. माह्या घराले खाले आली म्हणे, वांझोटी म्हणे. तिनं काई केलं नाई का मंग तिचे पाय धरत होती. बाजेवरून हात पुरत नव्हता तं ती जवळ आली का धरत होती. ती पाय सोडवून घेई आन् मले पुसाले लागे." मंग म्हणाली, "तुले सांगाचं नाई, म्हणून मी तिले तुह्या गळ्याची शपथ घातली. तिनं पाळली. त्या दिवशी सकाळपासून मी तिचं पाऊल धरून ठेवलं होतं, ती सोडवून बाहेर गेली. मी ओल्यात पडली ते माह्याच पायी."

सत्या, मी तुले काय बोललो होतो ते इथं लिहितो, कारण लिहिल्यावाचून चालणार नाही. मी म्हटलं होतं, "तुले माह्या मायले मारून टाकाचं हाय." कमलाबाई होत्या, आळीतले फकिराजी होते, पाण्याले आलेल्या बाया होत्या. तू माह्याकडं पाह्यलं होतं आन् काही बोलली नव्हती. एक वाक्य बोलली असती तं मी तिथंच मेलो असतो. तू ते बोलली नाही.

पुढचं ऐक. हे मी कोणाले सांगतलं नाही.

मायले मी नाही म्हटलं. तिनं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं सुई उतरली, आन् त्या दिवशी जे दुखणं आलं तसं मी पाह्यलं नव्हतं. मी मागं बसलो, तिच्या संगं ओरडलो, काही उपयोग नाही झाला. आवाज थांबेचना. अर्धा तास, एक तास. माह्या डोक्यात तो आवाज सोडून दुसरं काहीच राह्यलं नाही. माय आहे, बाज आहे, घर आहे, काहीच नाही. तो आवाज थांबला पायजे, एवढंच. माह्या हातानं तिचं तोंड दाबलं. मी दाबलं असं लिहितो, पण हात तिथं कधी गेला ते मले माईत नाही. आवाज थांबला. हात मोठा, चेहरा लहानसा, नाक पण हाताखाली आलं.

तिनं माह्याकडं पाह्यलं. तिनं मान हलवली नाही, हात वर केला नाही. सत्या, तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. तिच्या डोळ्यांत आशा होती. मी शाळेतून पहिला नंबर आणला तवा सुद्धा तिनं माह्याकडं असं पाह्यलं नव्हतं.

मी हात काढला.

मंग ती रडाले लागली, आन् ते रडणं दुखण्याचं नव्हतं. एकच शब्द म्हणाली, "काहून?" हात काहून ठेवला, का काहून काढला, ते मी विचारलं नाही.

मी बाहेर आलो, मागच्या पायरीवर बसलो आन् कानात बोटं घातली. किती वेळ ते माईत नाही. बोटं काढली तवा कमलाबाई समोर उभ्या होत्या. माय आत ओल्यात होती, हे त्यांले दिसत होतं. त्या काय म्हणाल्या माईत आहे? "किती करसान भाऊ एकटे तुमी. जरासे बसा. मी चहा आणतो."

संध्याकाळी फकिराजी आले. म्हणाले, "असा पोरगा जिजाबाईनं कमावला. बायको सोडून गेली तरी मायची सेवा सोडली नाई." मी गप बसून ऐकलं. चहाचा कप माह्या हातात होता.

दोन शिशा मी सुखरामजींले परत देऊन आलो. घरात ठेवाची मले भीती वाटते. मायची नाही, माह्यी.

या पत्राचं उत्तर मागत नाही.

चैतराम


कटंगी,
मंगळवार, ६ फेब्रुवारी १९६८

सत्यभामा,

तार पाठवली ती भेटली असंल. एकतीस तारखेले, बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास माय गेली.

मी विहिरीवर तिचं लुगडं पिळत होतो. घरात आवाज नव्हता. आवाज नसला का मले आता दोन मिनिटं बरं वाटे, म्हणून मी लुगडं अजून एकदा धुतलं. मंग वाळत घातलं. आत गेलो तं ती डाव्या कुशीवर होती, मी ठेवली तशीच. तोंड उघडं होतं. मी सवयीनं म्हटलं, "माय, आता घेतो," आन् खांद्याले हात लावला. ती दचकली नाही. तवा समजलं.

शेवटचे पंधरा दिवस ती माह्याशी बोलली नाही. पाणी मागे, बाज हलवू नको म्हणे, पण माह्याशी बोलली नाही. मी दोनले मागं बसत होतो, ती पाठ टेकवू देत होती. एवढंच. तिनं मले माफ केलं का नाही, मले माईत नाही. आन् कशाची माफी मागाची होती, तिचं तोंड दाबल्याची का सोडल्याची, ते पण मले आजपर्यंत ठरवता आलं नाही. आता ते असंच राहील.

आणखी एक सांगतो. ती गेली हे समजल्यावर पहिले मले हलकं वाटलं. दुःख मागून आलं. आधी हलकं वाटलं, डोक्यावरचा ओंडका कोणी उतरवून घेतल्यासारखं. मी भिंतीले पाठ लावून खाली बसलो आन् तिथंच झोपलो. मेलेली माय समोर, आन् मी झोपलो. कमलाबाईनं येऊन उठवलं.

शनिवारी लोक जमले. फकिराजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. मंग एकेक जण उठून बोलाले लागले. जिजाबाई किती कष्टाळू होती, धानाच्या रोवणीच्या दिवसांत सगळ्यांच्या पुढं राहे. मंग सगळे माह्यावर आले. असा पोरगा, तसा पोरगा. कोणी तरी म्हणालं, "सून तं टाकून गेली."

मी उठलो. बोलाची सवय नाही. म्हटलं, "सून टाकून नाई गेली. दोन वर्षं तिनं केलं, तवा मी पाह्यलं नाई. मी दोन महिने केलं, तं सगळ्या गावानं पाह्यलं. या आंगणात तुमच्यासमोर मी तिले म्हटलं होतं का तुले माह्या मायले मारून टाकाचं हाय. ते खोटं होतं. तिच्यापाशी माय रोज मरण मागे. तिनं दिलं नाई आन् कोणाले सांगतलं पण नाई. माह्यापाशी मायनं एकदा मागतलं, तं माह्या हाताचा भरवसा मलेच राह्यला नाई. आता मले चांगलं म्हणू नका."

फकिराजी खाली पाहत होते. मंग कमलाबाई बायांतून म्हणाल्या, "सत्याचं आमाले माईत होतं, भाऊ. भिंतीतून सगळं ऐकू येते."

मी म्हटलं, "मंग त्या दिवशी काहून नाई बोलल्या?"

त्या म्हणाल्या, "तुमच्या घरातलं आमी कसं बोलाव?"

एवढंच झालं. लोक उठून गेले. काही जणांनी जाताना माह्या खांद्यावर हात ठेवला, काहींनी नाही ठेवला. तुले वाटंल का मी हे तुह्या कानावर जावं म्हणून केलं. तसं पण असंल. माणूस कशाकशासाठी काय करते ते आता मी छातीवर हात ठेवून सांगत नाही.

तू परत ये असं मी म्हणणार नाही. या घरात तू दोन वर्षं कशी राह्यली ते पाह्यल्यावर मले तसं म्हणता येत नाही. पण तुह्या तोंडून एकदा ऐकाचं आहे. सगळं. तू सांग, मी मधात बोलणार नाही. पुढच्या गुरुवारी, पंधरा तारखेले, सकाळच्या बसनं मी तुमसरले येतो. बाहेर ओट्यावर बसतो. तू नाही भेटली तं संध्याकाळच्या बसनं परत जातो.

चैतराम


तुमसर,
ता. १० फेब्रुवारी १९६८

सप्रेम जयभीम.

पत्र भेटलं. तार भेटली त्या दिवशी मी न्हाली आन् झोपली. तुमी झोपल्याचं लिहिलं, म्हणून सांगून राह्यली.

गुरुवारी येऊ नका. तुमच्यावर राग हाय म्हणून नाही. राग हाय, पण त्यासाठी नाही. मी इथं आल्यापासून नुसती झोपतो. आई पाणी आणून देते ते पितो, ताट आणून देते ते खातो. कोणाले तहान लागली असंल, कोणाचं आंग दुखत असंल, हे मी पाहत नाही. पाह्यलं का माह्ये हात आपोआप उठतात, आन् मंग रडू येते. तुमी ओट्यावर येऊन बसले, तं मी पहिले तुमचं तोंड पाहीन, मंग चुलीकडं जाईन. मले तिकडं जाचं नाही अजून.

मायनं माह्याशी पण शेवटी मरण मागण्यावाचून दुसरं बोलणं सोडलं होतं. ते तुमचं एकट्याचं नाही.

तुमचा हात उठला होता, ते मी वाचलं. माह्या पदराले धोत्र्याच्या बिया तीन दिवस बांधल्या होत्या. वाटून पण ठेवल्या होत्या. मंग राखेत टाकल्या. हे मी तुमाले लिहून राह्यली, आन् दुसऱ्या कोणाले कधी सांगणार नाही. तुमी पण नका सांगू.

चैतात मोहफुलं वेचणं सरलं, बाया जंगलातून रिकाम्या झाल्या, का या. तवा बसू.

येताना जेवून या.

सत्यभामा